टरफलांच्या पलीकडचे टिळक

निरगुडसरच्या शाळेत असताना दर १ ऑगस्टला मी भाषण करायचो. चार वर्षं केलं आणि चारही वर्षं एकच केलं. वर्गात शेंगांची टरफलं पडली, गुरुजींनी उचलायला सांगितली, बाळ टिळकांनी नकार दिला, टाळ्या. आमच्या वर्गातही टरफलं पडायची आणि ती आम्ही मुकाट्यानं उचलायचो, हा भाग निराळा. पण ही गोष्ट सांगून खाली उतरणाऱ्या एकाही मुलाला टिळक अभ्यास कसा करायचे हे ठाऊक नसायचं. मलाही नव्हतं. गणितात हुशार होते, तोंडी गणितं सोडवायचे, एवढं एक वाक्य असायचं. त्यापुढे थेट स्वराज्य.

इंजिनिअरिंगला आल्यावर हा प्रश्न अचानक जवळचा झाला. पहिल्या वर्षी एका शिबिरात आम्हाला प्रश्नांचा एक कागद भरायला दिला होता. उत्तरांची बेरीज केली की तुम्ही पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे की हातानं करून शिकणारे, हे कळतं म्हणे. मी पाहून शिकणारा निघालो, रूममेट ऐकून शिकणारा. पुढे एम-थ्रीच्या सेमिस्टरला मी व्हिडिओ पाहत राहिलो, तो कानात हेडफोन घालून पडून राहिला, आणि दोघंही गचकलो. मग तयारीच्या सुट्टीत लायब्ररीत बसण्याची वेळ आली, आणि जे वाचायचं ते सोडून दुसरंच वाचायचं या आपल्या परंपरेप्रमाणे माझ्या हाती स. वि. बापट यांनी जमवलेल्या टिळकांच्या आठवणी व आख्यायिका लागल्या. शेजारीच न. चिं. केळकरांचं जाडजूड चरित्र होतं. त्यातून जो माणूस दिसला, तो माझ्या भाषणात कधीच नव्हता. मित्रहो, हा लेख त्या माणसावर आहे.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. मूळ नाव केशव. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, आणि नुसते पोटापुरते शिक्षक नव्हते. त्यांनी त्रिकोणमितीवर आणि व्याकरणावर पुस्तकं लिहिली होती. मुलाचा अभ्यास ते घरीच घेत. संस्कृत श्लोक पाठ केला की बक्षीस म्हणून एक पै, असा दर ठरलेला होता अशी आठवण सांगतात. आणखी एक आठवण कादंबरीची आहे. बाळनं वडिलांकडे बाणभट्टाची 'कादंबरी' मागितली. त्यांनी एक अवघड गणित घातलं आणि सुटलं तर पुस्तक मिळेल असं सांगितलं. मुलगा दोन तास बसला आणि गणित सोडवून पुस्तक घेऊन गेला. खरं-खोटं देव जाणे, कारण मोठ्या माणसांच्या लहानपणी अशा गोष्टी उगवतातच. पण एवढं खरं की या मुलाला शिकवणारा पहिला माणूस एकटा त्याच्यासाठी बसलेला होता, त्याच्या वेगानं शिकवत होता, आणि पुढची पायरी स्वतः चढायला लावत होता. साठ मुलांच्या वर्गात बसायची सवय त्याला लागलीच नाही.

१८६६ साली गंगाधरपंतांची बदली पुण्याला झाली आणि त्याच वर्षी आई पार्वतीबाई गेल्या. पुण्यातल्या शाळेत बाळचे खटके उडू लागले. शुद्धलेखनात संत हा शब्द त्यानं तीन तऱ्हांनी लिहिला, संत, सन्त आणि सन् त. मास्तरांनी एकच बरोबर धरला, दोन चूक. मुलगा हटून बसला की व्याकरणानं तिन्ही चालतात. गणिताच्या वहीतही असंच. उदाहरण वहीत उतरवून पायरीपायरीनं सोडवायचं सोडून तो उत्तर सांगून मोकळा. आज आपल्या पेपरात असं केलं तर स्टेप-मार्क्स जातात, तेव्हाही मास्तर खूश होत नसत. इथं मला नेहमीच्या भाषणापेक्षा वेगळं काहीतरी दिसलं. आपण याला बाणेदारपणा म्हणतो. मला वाटतं, त्या मुलाला एवढंच कळलेलं होतं की आपल्या डोक्यात गोष्ट कशी बसते, आणि जगानं दुसरी रीत लादली की त्याला ते अंगावर येई.

१८७२ चं वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचं. टिळक मॅट्रिक झाले ते याच वर्षी आणि वडील गेले तेही याच वर्षी. शेवटच्या आजारात गंगाधरपंतांना गीतेवरची 'भाषाविवृति' नावाची मराठी टीका वाचून दाखवायचं काम सोळा वर्षांच्या बाळकडे होतं. वाचता वाचता त्याला एक शंका आली. लढायला तयार नसलेल्या अर्जुनाला लढायला लावण्यासाठी जी गीता सांगितली, तिच्यात भक्ती कशी करावी आणि मोक्ष कसा मिळवावा याचंच विवेचन का असावं? टीकेत समाधानकारक उत्तर नव्हतं. वडील आजारी, विचारायचं कुणाला? शंका तशीच राहिली. तिचं पुढे काय झालं ते शेवटी येईल.

१८७३ साली टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. कॉलेज तेव्हा पाचच वर्षांपूर्वी येरवड्याच्या बाजूला नदीकाठच्या नव्या इमारतीत आलेलं होतं आणि मुलं तिथल्याच वसतिगृहात राहत. म्हणजे टिळक आपल्यासारखेच हॉस्टेलवाले. पण पहिल्या वर्षी त्यांनी जे केलं ते आपण केलं तर घरून फोन येईल. त्यांनी अभ्यास बाजूला ठेवला. तब्येत किरकोळ होती आणि या शरीरावर पुढचं काही उभं राहणार नाही असं त्यांना वाटलं, म्हणून सबंध वर्ष त्यांनी तालीम, पोहणं, नाव वल्हवणं आणि भरपूर खाणं यांत घालवलं. नदीत तासन्‌तास पोहायचे. त्या वर्षीची परीक्षा अर्थातच हातची गेली. वसतिगृहात औषधाच्या बाटल्या उशाशी ठेवणाऱ्या मुलांची ते थट्टा करत. कुणाच्या खोलीत दंगा करायचा, कुणाला तोंडावर फटकळपणे बोलायचं, यामुळे पोरांनी त्यांना डेव्हिल आणि ब्लंट अशी दोन टोपणनावं ठेवली होती. (रेक्टर सरांनी हा परिच्छेद सोडून द्यावा ही विनंती.)

हा भाग मी मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा आमच्या मजल्यावरच्या दोघांनी लगेच जिम लावली. त्यात चूक काही नाही. पण टिळकांनी जे केलं ते वेगळं होतं असं मला वाटतं. पुढची दोन-तीन वर्षं आपण रात्र-रात्र जागून वाचणार आहोत हे त्यांना माहीत होतं, आणि डोक्याच्या आधी कमरेचा आणि पोटाचा बंदोबस्त करायला हवा हेही. एक वर्ष गेलं ही किंमत त्यांनी डोळे उघडे ठेवून दिली. नंतरचे तुरुंग आपण सोसू शकलो याचं श्रेय ते या वर्षाला देत असत.

त्यानंतरचा अभ्यास मात्र बघण्यासारखा आहे. सहाध्यायांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. वर्गात प्राध्यापक नोट्स सांगत आणि बाकीची मुलं उतरवून घेत, तेव्हा टिळक नुसते बसलेले असत. लिहून घेतलेलं आपलं होत नाही, असा काहीसा त्यांचा कल. खोलीवर आल्यावर त्या विषयाचं मूळ पुस्तक काढायचं, ते स्वतः वाचायचं, त्यावर स्वतःचं टिपण करायचं. पुढे एलएल.बी. करताना हिंदू कायद्याचा विषय होता. परीक्षेपुरतं पुस्तक इंग्रजीत मिळत होतं. टिळकांनी ते पुरेसं मानलं नाही. मनुस्मृती, याज्ञवल्क्यावरची मिताक्षरा असे मूळ संस्कृत ग्रंथ काढून ते बसले. आपल्या भाषेत सांगायचं तर, सगळं हॉस्टेल लोकल ऑथरचं शंभर पानी पुस्तक आणि गेल्या पाच वर्षांचे पेपर घेऊन बसलेलं असताना हा माणूस मूळ टेक्स्टबुक उघडून पहिल्या धड्यापासून वाचत होता.

याचा परीक्षेत फायदा झाला का? सरळ उत्तर द्यायचं तर थोडा झाला, थोडा नाही. बी.ए.ला गणित घेऊन पहिला वर्ग मिळाला. पण प्रश्नपत्रिकेतले सोपे प्रश्न सोडून अवघडच घ्यायची त्यांची खोड होती असं सांगतात, आणि अशा माणसाचा नंबर वर लागणं कठीणच. गणितात एम.ए. करायचं मनात होतं, ते कधीच झालं नाही. एलएल.बी. १८७९ साली झाले. टिळक एम.ए. नव्हते ही गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या भाषणांत ती बसत नसे.

गणिताचा विषय निघाला की केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांच्याबद्दल सांगावंच लागतं. डेक्कन कॉलेजात ते गणित शिकवत. आकाशातल्या ग्रहांची जागा काढण्याच्या जुन्या रीती आणि प्रत्यक्ष दिसणारं आकाश यांत पडलेलं अंतर त्यांना खटकत होतं. म्हणून १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत छापली आणि नव्या गणितानं पंचांग काढायचा पुढाकार घेतला. म्हणजे फळ्यावरचं गणित रात्री आकाशाशी ताडून पाहणारा मास्तर. टिळकांना असाच माणूस हवा होता. मधे काही काळ टिळक मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले होते, असं चरित्रकार नोंदवतात. तिथली गणित शिकवण्याची तऱ्हा त्यांना मानवली नाही आणि ते पुन्हा केरूनानांकडे परतले. दोन्हीकडे एकच विषय, एकच विद्यापीठ, एकच परीक्षा. त्यांनी मास्तर निवडला तो कॉलेजच्या नावावरून निवडला नाही; कुणासमोर बसल्यावर आपलं डोकं चालतं हे त्यांनी करून पाहिलं आणि त्याप्रमाणे वागले. आपल्यापैकी किती जणांनी ब्रँच तरी अशी निवडली आहे?

इथं जरा थांबून त्या शिबिरातल्या कागदाकडे येतो. माणसं पाहणारी, ऐकणारी, करणारी अशा जातींची असतात आणि ज्याला त्याला त्याच्या जातीप्रमाणे शिकवलं तर चांगलं कळतं, ही कल्पना जगभर पसरली. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी तर १९९२ च्या सुमारास त्यासाठी प्रश्नावलीच तयार केली. पण २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा तसा फायदा होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. माणसाला आवड असते हे खरं. पण आवडीची रीत आणि डोक्यात टिकणारी रीत एकच असेल याची खात्री नाही. उलट २००६ सालचा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग आपल्या मेसच्या भिंतीवर लावावा असा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं, असं तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि मिटून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत म्हणजे आपल्याला जास्त आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. मी एम-थ्रीचे व्हिडिओ पाहत होतो तेव्हा मलाही होता.

टिळकांना हे प्रयोग माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पण वही न उघडता डोक्यात गणित सोडवणं, नोट्स न घेता खोलीवर जाऊन स्वतः मांडणी करणं, हे त्यांनी आपल्यावर करून पाहिलेले प्रयोगच होते. जमलं ते ठेवलं.

डेक्कन कॉलेजातच त्यांना गोपाळ गणेश आगरकर भेटले. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, पण अभ्यासाची तऱ्हा अगदी निराळी. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, कमालीच्या गरिबीतून आलेले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा ही त्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना दमा होता, तालमीचा प्रश्नच नव्हता. मिल्ल आणि स्पेन्सर ही त्यांची दैवतं. फीचे पैसे मिळवायला ते वृत्तपत्रांत लिहीत आणि वादसभांतून बोलत. लिहिता-बोलताना त्यांचे विचार पक्के होत. टिळक आधी मूळ ग्रंथ गाठणारे, आगरकर आधी प्रश्न विचारणारे. १८७९ साली कॉलेजच्या आवारात आणि टेकडीवर हिंडत दोघांनी रात्री-रात्री वाद घातले आणि सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, हे ठरवलं. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं, त्यात टिळक होते, आगरकर एम.ए. उरकून मागून आले. १८८१ ला केसरी आणि मराठा निघाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तिथंही रात्री इतक्या मोठ्यानं वाद चालत की पहारेकरी येऊन गप्प बसवत. दोन वेगळ्या रीतींची माणसं एका खोलीत कोंडली की अभ्यास कसा होतो, हे पाहायचं असेल तर आगरकरांनी त्या दिवसांवर लिहिलेलं पुस्तक लायब्ररीत शोधा.

टिळक शिकवायला लागले तेव्हा मात्र एक गोष्ट उघडी पडली. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि १८८५ पासून फर्ग्युसन कॉलेजात ते गणित आणि संस्कृत शिकवत. गणित शिकवताना पुस्तक हातात नाही, बऱ्याच पायऱ्या मनातल्या मनात, फळ्यावर मोजकं. हुशार मुलं भारावून जात. बाकीच्यांना ही उडी कुठून कुठं मारली ते कळत नसे. विद्यार्थ्यांच्या आठवणींत दोन्ही सूर आहेत. ज्या रीतीनं ते स्वतः शिकले तीच सगळ्यांना चालेल असं त्यांनी धरलं असावं. लहानपणी दुसऱ्याची रीत आपल्यावर लादली म्हणून जो मुलगा मास्तरांशी भांडला, तोच मोठेपणी फळ्यापाशी उभा राहून आपली रीत इतरांवर टाकत होता. आपल्याकडेही असे सर असतात. बुद्धीनं फार मोठे आणि तिसऱ्या बाकापलीकडे न पोचणारे. त्यांचा राग येतो, पण टिळकांचं वाचल्यावर माझा तो थोडा कमी झाला.

यापेक्षा गंभीर गोष्ट मुलींच्या शिक्षणाची. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो. मुलींना इंग्रजी आणि मुलांसारखेच विषय शिकवण्याला केसरीनं विरोध केला. त्यांना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढंच शिकवावं अशी ती भूमिका होती. आगरकर नेमकी उलटी बाजू घेऊन उभे होते. मुलामुलींना सारखंच आणि एकत्र शिकवा, असं त्यांचं म्हणणं. मूळ ग्रंथ स्वतः वाचल्याशिवाय ज्याचं समाधान होत नसे, त्या माणसानं दुसऱ्यांनी किती आणि काय वाचावं याची रेघ आखून दिली. याला काळाचं बंधन म्हणून सोडून देता येत नाही, कारण शेजारच्या खोलीत राहिलेल्या मित्राला त्याच काळात वेगळं दिसत होतं. आज आपल्या वर्गातल्या मुलींची हजेरी घेतली तर कोणाचं खरं ठरलं ते कळेल.

१८९० मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. पोटासाठी वकिलीच्या परीक्षेचे खासगी वर्ग घेतले, आणि उरलेल्या वेळात जुनं वेड पुन्हा वर आलं. गीतेच्या दहाव्या अध्यायात मार्गशीर्ष महिन्याला मानाचं स्थान दिलेलं आहे. ते वाचताना, हाच महिना का, असा प्रश्न त्यांना पडला आणि केरूनानांचं खगोलगणित कामाला आलं. संपातबिंदू आकाशात हळूहळू सरकतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. एके काळी वसंतसंपात मृगाजवळ असेल तर तो काळ कोणता, हे गणितानं काढता येतं. त्यावरून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास नेला आणि १८९३ साली 'ओरायन' प्रसिद्ध केलं. पुढे १९०३ मध्ये आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ होतं असं सांगणारं पुस्तक आलं. आज विद्वान या दोन्ही निष्कर्षांना मानत नाहीत. गणित बरोबर असलं तरी ज्या वाक्यांवर ते उभं केलं त्यांचा अर्थ तसा निघत नाही, असा मुख्य आक्षेप आहे. एकट्यानं मूळ ग्रंथ उघडून बसण्याच्या रीतीचा हा तोटा. चूक दाखवायला शेजारी आगरकर लागतो, आणि आगरकरांशी तोवर बोलणंही बंद झालेलं होतं. १८९५ मध्ये ते गेलेच.

आता मंडाले. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळकांना ब्रह्मदेशात नेलं. वय बावन्न, मधुमेह जडलेला, लाकडी कोठडी, उन्हाळ्यात भट्टी. राजकारणावर काही वाचायचं-लिहायचं नाही. पुस्तकं तपासून मिळत. लिहायला शाई नाही, पेन्सिल, तीही टोक करून दिलेली. सुटे कागद नाहीत, बांधलेल्या वह्या, त्यांची पानं मोजून नोंदलेली, म्हणजे एखादं पान फाडून बाहेर पाठवता येऊ नये. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक कैदी सोबत दिला होता. बाकी बोलायला कुणी नाही.

या माणसानं तिथं काय केलं असेल? टाइमटेबल बनवलं. सकाळपासून वाचन, ठरलेल्या वेळी जेवण, फेऱ्या, पुन्हा वाचन. पुण्याला भाच्याला, धोंडोपंत विद्वांसांना, पत्रं लिहून पुस्तकांच्या याद्या पाठवल्या. पन्नाशी उलटल्यावर व्याकरण आणि कोश समोर ठेवून जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले. बोलायला कुणी नव्हतंच. त्यांना त्या भाषांतले ग्रंथ वाचायचे होते आणि तेवढ्यापुरतीच ती भाषा त्यांनी गाठली. आपण परदेशी भाषेचा कोर्स लावतो तेव्हा आधी नमस्कार-चमत्कार शिकतो. टिळकांनी ते सोडून थेट पुस्तकाला हात घातला, कारण त्यांना काय हवं होतं ते पक्कं माहीत होतं. सुटेपर्यंत त्यांच्याजवळ काहीशे पुस्तकं जमली होती.

आणि मग ती जुनी शंका. १८७२ मध्ये आजारी वडिलांच्या उशाशी बसून वाचताना पडलेली. मधल्या काळात ती गेली नव्हती. त्यांनी गीतेवरची भाष्यं वाचली, टीका वाचल्या, आणि प्रत्येक टीकाकार आपल्या पंथाकडे अर्थ ओढतो असं त्यांना दिसलं. तेव्हा त्यांनी सगळी भाष्यं बाजूला ठेवली आणि नुसती मूळ गीता पुन्हा पुन्हा वाचली, हे त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. नोट्स न घेणाऱ्या त्या हॉस्टेलमधल्या मुलाचीच ही रीत, चाळीस वर्षांनी. मधे १९०२ मध्ये नागपूरला आणि १९०४ मध्ये संकेश्वर मठात त्यांनी या विषयावर व्याख्यानं दिली होती, म्हणजे पुस्तक मिटून आपल्याला किती येतं हे दोनदा लोकांसमोर तपासून झालं होतं. २ नोव्हेंबर १९१० ला मंडालेत पेन्सिल हातात घेतली आणि ३० मार्च १९११ ला 'गीतारहस्य' लिहून झालं. पंधरा प्रकरणं, परिशिष्ट, गीतेचं भाषांतर, पाच महिन्यांत. पण पाच महिने म्हणणं खरं नाही, अडतीस-एकोणचाळीस वर्षं म्हणायला हवं.

१९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. तार मंडालेला पोचली. त्यानंतरही दोन वर्षं तोच दिनक्रम चालू राहिला.

जून १९१४ मध्ये मध्यरात्री टिळकांना पुण्यात घरी आणून सोडलं. पुस्तकं मिळाली, पण हस्तलिखित सरकारनं ठेवून घेतलं. ते परत मिळेल की नाही अशी शंका मंडळींना वाटत होती. टिळकांना फारशी काळजी वाटली नाही असं त्यांच्या जवळची माणसं सांगत. वह्या सरकारकडे आहेत, ग्रंथ डोक्यात आहे. सिंहगडावर जाऊन बसेन आणि पुन्हा लिहीन, अशा अर्थाचं ते बोलले होते. तशी वेळ आली नाही. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ साली पुस्तक छापून झालं.

हे वाचून झाल्यावर मी व्हिडिओ बंद केले. एम-थ्रीचं एक उदाहरण बघायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून करायचं, अडलं तिथं खूण करायची आणि तीन दिवसांनी पुन्हा. रूममेटला लिहिण्याचा कंटाळा, म्हणून तो मला शिकवायचा आणि मी मुद्दाम मधल्या पायऱ्या विचारायचो. वीकेंडला निरगुडसरला जाताना एस.टी.त मी लाप्लासची सूत्रं मनात म्हणत बसायचो. शेजारच्या आजींना वाटलं पोरगं स्तोत्र म्हणतंय. पेपर निघाला. टिळकांच्या रीतीतली मला मानवली ती एवढीच. डोक्यात गणित सोडवायला गेलो तर माझं चिन्ह चुकतं.

स्वराज्य मिळाल्यावर काय करणार, असं कुणी विचारलं की टिळक सांगत, पुन्हा गणित शिकवायला लागेन आणि डिफरन्शियल कॅल्क्युलसवर एक पुस्तक लिहीन. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात ते गेले. ते पुस्तक लिहायचं राहूनच गेलं.